वाळलेला पाइन तोडायचा की उभा ठेवायचा?

खोडसाल: अमेरिकेच्या आग्नेय भागात सदर्न पाइन बीटल या, पाइनची साल आतून पोखरून झाड मारणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली की बाधित पट्टा बऱ्याचदा सरसकट साफ करतात. माझा आक्षेप फक्त भुंगेरे उडून गेलेल्या झाडांपुरता आहे. थॅनासिमस ड्युबियस हा शिकारी भुंगेरा या किडीचा मोठा शत्रू. त्याचा प्रौढ खोडावर मुंगीसारखा धावत, उतरणारे भुंगेरे पकडून खातो; अळ्या सालीखालच्या बोगद्यांत शिरून पिल्लं फस्त करतात. पण त्याची वाढ संथ. भुंगेऱ्याची पिढी उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात बाहेर पडते, याचे काही कोष मात्र पुढच्या वर्षापर्यंत बाहेरच्या सालीत असतात. उशिरा तोड केली की कीड पसार आणि मित्रकीटक ट्रकवर!

करवतवाला: हे भक्षक साथ थांबवत नाहीत, त्यांची संख्या मागून वाढते. साथीच्या पसरणाऱ्या टोकाची हिरवी पण बाधित झाडं आणि पुढे निरोगी झाडांचा पट्टा तोडावाच लागतो. झाडं ठिपक्याच्या, म्हणजे बाधित पट्ट्याच्या, आतल्या बाजूला पाडायची, नाहीतर कीड पुढच्या झाडांवर जाते. तिथे भक्षकांचा विचार करत बसलात तर गेलं रान.

खोडसाल: टोकाबद्दल वाद नाहीच. सालीवर छऱ्यांसारखी बारीक भोकं, पानं लालसर-तपकिरी किंवा गळालेली, साल सुटत चाललेली, असं झाड रिकामं समजा. शंका असेल तर सालीचा तुकडा सोलून आत पाहा. फक्त रस्त्याकडेची धोकादायक झाडं काढा.

निरीक्षक३: मग भक्षक वाढवून सोडा की! युरोपात रायझोफॅगस ग्रँडिस हा भक्षक भुंगेरा सोडून सदर्न पाइन बीटलचाच भाऊबंद डेंड्रोक्टोनस मायकन्स आटोक्यात आणलाच ना?

करवतवाला: मायकन्सचं झाड मुख्यतः स्प्रूस, म्हणजे दुसरंच सूचिपर्णी झाड, पाइन नव्हे. मायकन्सच्या अळ्या घोळक्याने खातात, झाड सावकाश मरतं आणि रायझोफॅगस मायकन्सने पोखरून टाकलेल्या भुशाच्या वासावर पोचतो. इथे शेकडो भुंगेरे एकदम झाडावर तुटून पडतात. तो दाखला इथे लागू नाही.

गंधसापळा: दोघंही सापळ्यांचं विसरताय. सापळ्यात लावतात तो फ्रॉन्टॅलिन म्हणजे भुंगेरे एकमेकांना बोलवायला सोडतात तो गंध, आणि थॅनासिमसही त्याच वासावर येतो. त्यामुळे कीड मारायला ढीगभर सापळे लावले तर मित्रच जास्त मरतील. वसंतात अंदाजापुरते मोजके लावा, दर आठवड्याला भुंगेरे आणि थॅनासिमस वेगवेगळे मोजा. भुंगेरे भरपूर आणि भक्षक तुरळक असतील तर वर्ष वाईट. तेव्हा करवतवाल्यांचं ऐका. भक्षकांचा वाटा मोठा असेल तर रिकामी झाडं बिनधास्त उभी ठेवा.

करवतवाला: आकडे उलटे आले तरी टोक तोडणारच.