ठिबक फिटिंगच्या कामासाठी इन्स्टा-व्हॉट्सअ‍ॅप नेमकं कसं वापरायचं?

यावलचा ठिबकवाला

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यात ठिबकचं काम करतो. नवीन फिटिंग, जुन्या नळ्यांची दुरुस्ती, फिल्टर धुणं, अ‍ॅसिड ट्रीटमेंट (नळीत बसलेला क्षार अ‍ॅसिडने काढणं), सगळं. आधी एका डीलरकडे कामाला होतो, आता स्वतःचं सुरू केलंय. दुकान नाही. मोटरसायकल आणि मागे अवजारांची पेटी. ओळखीवर काम येतं, पण तेवढ्यावर हाताखालच्या पोरांची मजुरी भागत नाही.

भाच्याने इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं, लोगो केला. रोज एक पोस्ट टाकतो: सणाच्या शुभेच्छा, सुविचार, 'आमच्याकडे ठिबकची सर्व कामे योग्य दरात केली जातील'. फॉलोअर वाढले, पण त्यातले बरेचसे पुण्याकडचे नातेवाईक. त्यांची कुठे केळीची बाग? त्यावरून फोन काही येत नाही. आता एका एजन्सीवाल्याने महिन्याचं पॅकेज सांगितलंय, पोस्टर आणि रील मिळून. पैसे घालावेत का? आणि 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणतात ते आमच्यासारख्या चिखलात काम करणाऱ्याने कसं करायचं? कॅमेऱ्यासमोर मला बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कॅमेरावाला, जळगाव

रील शेतातच कर, स्टुडिओत नको. फोन उभा धर, लेन्स रुमालाने पुसून घे (निम्मे व्हिडिओ धुरकट का दिसतात, तर खिशातल्या तंबाखूमुळे). मोटर चालू असेल तर लांब जाऊन बोल, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. आणि शूटिंग सकाळी उरकून घे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी फोन तापून कॅमेराच बंद पडतो. थोडे पैसे टाकून पोस्ट बूस्ट केलीस तर चार लोकांपर्यंत जाईल. एजन्सी घ्यायला हरकत नाही, पण शेतात येऊन शूट करणार असतील तरच.

मोटरवाले जिभाऊ, चोपडा

भाऊ, पॅकेजचं नंतर बघू. आधी तुझी पोस्ट बघ. 'सर्व कामे योग्य दरात' हे चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत प्रत्येक फ्लेक्सवर लिहिलेलं आहे. त्यात तू कुठे दिसतोस? शुभेच्छा तर पतपेढीपासून पुढाऱ्यापर्यंत सगळे देतात, आणि त्यांचे फोटो तुझ्यापेक्षा मोठे असतात.

माझं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीच्या कॉइल नव्याने गुंडाळायचं दुकान आहे. जळालेली मोटर आली की खोलतो, टेबलावर आडवी ठेवतो आणि एका हातात फोन धरून सांगतो, ही का जळाली. परवाच्या मोटरीत दोन फेजची कॉइल काळी ठिक्कर आणि तिसरी कोरी करकरीत. म्हणजे एक फेज गेला, स्टार्टरमधलं संरक्षण कोणीतरी तार टाकून बायपास केलेलं, मोटर उरलेल्या दोन फेजवर घुमत राहिली आणि गेली. बोटाने काळी कॉइल दाखवली, कोरी कॉइल दाखवली, बायपासची तार दाखवली. झाला व्हिडिओ. माझं तोंड त्यात दिसतच नाही. हात दिसतात आणि नखातलं वॉर्निश दिसतं. शेवटी गाव, दुकान आणि नंबर बोलून सांगतो. लिहिलेला नंबर घाईत कोणी वाचत नाही.

गावच्या ग्रुपवरून तो अडावदला गेला, तिथून धानोरा, किनगाव. ज्याच्या स्टार्टरला तशीच तार लावलेली आहे तो बघतो आणि गप्प राहतो. मोटर जळाली की मात्र त्याला पहिला मीच आठवतो. तू ब्रँडिंग म्हणतोस ना, आमच्या धंद्यात ते एवढंच आहे. वेळ आली की नाव आठवलं पाहिजे, आणि फोन उचलला पाहिजे.

आता तुझं. तुझ्याकडे तर माझ्यापेक्षा जास्त दाखवण्यासारखं आहे. बोअरचं पाणी क्षाराचं, नळीत पांढरा थर बसतो, शेवटच्या ओळीतली केळी पिवळी पडते आणि शेतकरी खतवाल्याला शिव्या देतो. मग हे कर. तासाला चार लिटर देणारा ड्रीपर (नळीवरची थेंब सोडणारी तोटी) असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी आलं पाहिजे, हिशेब सरळ आहे. नळीखाली छोटा खड्डा कर, डबा ठेव, मोबाइलवर वेळ लाव. एक डबा सबमेनजवळ (सगळ्या नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपाजवळ), एक शेवटच्या टोकाला. पंधरा मिनिटांनी दोन्ही डबे शेजारी ठेवून दाखव, एक भरलेला, एक निम्मा. मग नळीच्या टोकाचं झाकण, ती एंड कॅप, उघड. आधी गढूळ लालसर पाणी येतं, त्यात पांढरे कण, मग हळूहळू निवळतं. ते कापू नको, पूर्ण दाखव. माणूस पाणी निवळेपर्यंत बघतोच बघतो.

बोलता येत नाही म्हणतोस, पण शेतकऱ्याला काम समजावताना तोंड बंद ठेवतोस का? तेच बोल. पाठ केलेलं पुस्तकी मराठी बोलशील तर तुझं तुलाच हसू येईल. तुमच्या यावल-रावेरकडे लेवा गणबोली, आमच्याकडे अहिराणी. घरी जे बोलतोस ते शेतात बोल. मी एका व्हिडिओत सहज म्हणालो, 'भाऊ, मोटर चांगली शे, पन तुन्हा स्टार्टर तिले मारी राहिना.' (म्हणजे तुझा स्टार्टरच तिला मारतोय.) लोक मोटरीपेक्षा ते वाक्यच जास्त फिरवतात.

आणि वेळ. रात्रपाळीच्या लायटीवर पाणी भरायला गेलेला माणूस बांधावर बसून काय करतो? मोबाइल बघतो. तुझं स्टेटस त्याला तेव्हा दिसलं पाहिजे. हंगामही बघ. केळीच्या मृगबागेची लागण जून-जुलैत, म्हणजे नळ्या अंथरायची बोलणी मे महिन्यात होतात. कांदेबाग ही केळीची दुसरी लागण, तिची तयारी पावसाळा सरताना. जुन्या बागेचं चोकअप (नळ्या तुंबणं) उन्हाळ्यात दिसतं, पाणी कमी पडतं तेव्हा. ऐन दिवाळीत दिवाळीची पोस्ट टाकून कोण फिल्टर धुवायला बोलावणार आहे तुला?

यावलचा ठिबकवाला

जिभाऊ, डब्याचं भारी सांगितलं. दोन शंका. सगळं फुकट दाखवलं तर शेतकरी स्वतःच करील, मला कशाला बोलावील? आणि अ‍ॅसिडचं काम दाखवावं का? कोणी उलटंसुलटं केलं तर बोल मला.

धुळ्याची ताई, बिबड्यावाली

मी ज्वारीच्या बिबड्या, कुरडया आणि नागलीचे पापड विकते. धंदा वेगळा आहे, पण फोनवरचा खेळ तोच.

भाऊ, इन्स्टा राहू दे, आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घे. फुकट आहे. त्यात कामाचा कॅटलॉग टाकता येतो, तू शेतात असताना आपोआप जाणारा निरोप लावता येतो, गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं: 'फिल्टर', 'नवीन फिटिंग', 'उधारी'. (उधारीचं लेबल माझ्याकडे सगळ्यात लांब आहे.) ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण एक मेख आहे: ज्याने तुझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून मी पार्सल देताना समोर उभी राहून नंबर सेव्ह करून घेते. तू बिल देताना घे. काम झालेलं असतं, माणूस खूश असतो, नाही म्हणत नाही.

फॉलोअरच्या मागे लागू नको. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लोकांनी जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. फोनमधले नंबर तुझे असतात, पानावरचे फॉलोअर कंपनीचे.

गूगल बिझनेस प्रोफाइल काढ, तेही फुकट. दुकान नाही म्हणून अडत नाही. पत्ता लपवून नुसता कामाचा भाग दाखवायची सोय त्यात आहे. यावल, फैजपूर, सावदा असं टाक. काम झालं की शेतकऱ्याच्या पोराकडून रिव्ह्यू लिहून घे. आजोबा नाही लिहिणार, कॉलेजचं पोरगं लिहितं. फक्त 'छान सर्व्हिस' नको, काय काम केलं ते लिही म्हणावं.

बूस्टचं म्हणशील तर जाहिरातीत नकाशावर गाव निवडून भोवतीचं अंतर ठरवता येतं. तेवढंच ठेव, नाहीतर तुझा ड्रीपर मुंबईच्या फ्लॅटवाल्याला दिसेल. जाहिरातीवरून थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असंही करता येतं. आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धर. पण ज्या व्हिडिओला फुकटात प्रतिसाद नाही, त्यावर पैसे घालू नको.

आणखी एक. नंबर सगळीकडे झाला की फोन येतील: 'मिलिटरीतून बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. पिन मागितला की समज, पैसे तुझे जाणार आहेत. इन्स्टाला आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच लाव. भाच्याने पान काढलंय ना? पासवर्ड तुझ्याकडे आहे का ते आधी बघ.

दर मात्र उघड लिही. मी किलोचा भाव लिहिते, त्यामुळे फालतू फोन कमी येतात.

मोटरवाले जिभाऊ, चोपडा

ताईचं सगळं बरोबर, दराचं सोडून. बिबड्या किलोवर जातात, शेत किलोवर जात नाही. एकाची नळी नुसती धुऊन भागते, दुसऱ्याची अर्धी बदलावी लागते. दर लिहिलास तर बांधावर भांडण ठरलेलं. 'येऊन बघण्याचे इतके, काम ठरलं तर ते त्यात वजा' एवढं लिही.

फुकट शिकवण्याचं म्हणशील तर ज्याला स्वतः करायचंय तो तुला बोलावणारच नव्हता. उलट तोच शेजाऱ्याला सांगतो, 'त्या यावलवाल्याचं बघून केलं.' ज्याच्याकडे मोठी बाग आहे आणि मजूर मिळत नाही, तो बघून म्हणतो, याला कळतं, यालाच बोलवा. तुझा पैसा त्या दुसऱ्याकडे आहे.

अ‍ॅसिडचं दाखव, पण प्रमाण आकड्यात बोलू नको. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, पीएच पेपर लावून ठरवावं लागतं, ते दाखव. हातमोजे, चष्मा घालूनच दाखव. आणि पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे प्रत्येक व्हिडिओत बोल. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी बोल.

दुसऱ्याच्या शेतात कॅमेरा काढण्याआधी मालकाला विचार. त्याच्या बागेतलं पिवळं झाड दाखवताना गटनंबर आणि नाव नको. आणि आधीच्या फिटरने काय घाण करून ठेवली, हे कितीही खरं असलं तरी बोलू नको. तो कोणाचा तरी साडू निघतो.

आणखी तीन-चार महिन्यांनी एखादी कंपनी फुकट फिल्टर देईल, 'व्हिडिओ टाका' म्हणेल. घे, पण व्हिडिओत 'जाहिरात' असं स्पष्ट सांग. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढलीय. पैसे, भेटवस्तू, फुकट माल, सगळं त्यात येतं. फिल्टर वाईट असेल तर परत कर. लोक तुझ्या तोंडाकडे बघून घेणार, कंपनीच्या नाही.

एजन्सीला एकच प्रश्न विचार: सबमेन कशाला म्हणतात? सांगता आलं तर पुढचं बोल.

यावलचा ठिबकवाला

एजन्सीवाल्याला विचारलं. म्हणाला, 'ते तुम्ही कंटेंट पाठवा, आम्ही डिझाइन करतो.' मग नको म्हटलं. पासवर्ड खरंच भाच्याकडेच होता, घेतला.

उद्या साकळीला एक जुनी बाग आहे, मालक हो म्हणालाय. असं बोलायचं ठरवलंय: 'नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत ठिबक सिंचनातील अडथळ्यांची कारणे आणि उपाय.' मग डबे, मग एंड कॅप. बरोबर आहे का?

धुळ्याची ताई, बिबड्यावाली

'आज आपण पाहणार आहोत' म्हटलं की मी अंगठा वर सरकवते. पहिलं दृश्य दोन डब्यांचंच ठेव.

मोटरवाले जिभाऊ, चोपडा

नमस्कार मित्रांनो खोड. निम्मा डबा हातात धर आणि मालकालाच विचार, 'आप्पा, हे पाणी एवढंच का आलं?' आप्पा जे बोलतील ते राहू दे, शिवी आली तर तेवढी काप. नंबर शेवटी सावकाश बोल, दोनदा. आणि डबे एकाच मापाचे घे रे बाबा, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये सगळे तेवढंच धरून बसतील.