ब्रॉन्किएक्टेसिस: कफ सुटत नाही, खोकून जीव दमतो. मदत हवी आहे

लहानपणच्या न्यूमोनियानंतर माझ्या डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत. निदान दोन वर्षांपूर्वी सीटी स्कॅनमध्ये झालं. साचलेला कफ रोज काढला नाही तर त्यात जंतू वाढतात, सूज येते आणि नलिका आणखी बिघडतात, हे डॉक्टरांनी नीट समजावलंय. म्हणून एकही दिवस चुकवत नाही.

पण सकाळचा जवळजवळ तास नुसता खोकण्यात जातो. बेडका घशाशी आल्यासारखा वाटतो आणि परत खाली बसतो. उबळ आली की थांबत नाही, बरगड्या दुखतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटी निघतो तो चमचाभर चिकट, पिवळट कफ. मग दिवसभर काही करायची ताकद उरत नाही. नेब्युलायझरने अँटिबायोटिक घेते, तेही उठल्याउठल्या, आधी औषध तरी आत जाऊ दे म्हणून. सलाईनची वाफ नंतर.

तुम्ही कफ कसा काढता? काय आधी, काय नंतर? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

तुमचं वर्णन वाचून माझी पहिली दोन वर्षं आठवली. मीही जोर लावूनच खोकायचो. जोरात खोकलं की नाजूक नलिका दाबल्या जाऊन मिटतात आणि कफ मागेच अडकतो, हे मला फिजिओथेरपिस्टने दाखवलं तेव्हा कळलं.

आता असं करतो. खांदे सैल सोडून पोटाने शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी ३ सेकंद रोखून, म्हणजे हवा कफाच्या मागे पोचते. पुन्हा शांत श्वास. मग ‘हफ’: आरशावर वाफ धरताना करतो तसं तोंड उघडून ‘हा…’ करत हवा सोडायची. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ, त्याने खोलवरचा कफ वर सरकतो. तो वर आल्याचं जाणवलं की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ. खोकायचं ते अगदी शेवटी, एकदाच. घाई नको, १५-२० मिनिटं लागतात. तुमचा डावा खालचा भाग आहे, तर उजव्या कुशीवर झोपून करून बघा.

क्रम मात्र बदलाच, डॉक्टरांना विचारून. माझा असा आहे: श्वासनलिका मोकळी करणारा पंप, मग सलाईनची वाफ, मग कफ काढणं, आणि अँटिबायोटिक सर्वांत शेवटी. कफाच्या थरावर औषध बसून काय उपयोग?

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोनच गोष्टी. ॲसिडिटीचा त्रास असेल तर डोकं खाली करून झोपू नका. कफात रक्त दिसलं तर हे सगळं थांबवून डॉक्टरांना कळवा, आणि रक्त जास्त असेल तर थेट रुग्णालयात जा. कफाचा रंग गडद झाला किंवा प्रमाण वाढलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी थुंकीची कल्चर तपासणी (कफात कोणते जंतू आहेत ते पाहणारी) करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. औषधाचा क्रम मी उलटाच धरला होता, उद्याच डॉक्टरांना फोन करते. काल संध्याकाळी उजव्या कुशीवर झोपून हफ करून पाहिलं. तिसऱ्या फेरीत बेडका आपसूक वर आला, उबळ न येता! आता एकच विचारायचंय: रात्री झोपण्याआधी किती वेळ हे संपवता? काल उशिरा केलं आणि झोपताना पुन्हा घरघर सुरू झाली.