वाघाचा बिल्ला: संस्थानी फौजेचा की बॉम्बर स्क्वाड्रनचा?

करवीर_संग्रह
कोल्हापुरात जुन्या बाजारात आलेला एक पितळी बिल्ला ओळखायचा आहे. उंची ४२ मिमी, रुंदी ३१. वर राजमुकुट, गोल पट्टीवर इंग्रजीत 'रॉयल एअर फोर्स', मधोमध पंख आणि तारे असलेल्या छोट्या मुकुटातून कमरेपर्यंत बाहेर आलेला वाघ, खाली फितीवर लॅटिन वाक्य. मागे पिन. विकणारा म्हणतो हैदराबाद संस्थानच्या फौजेचा. दुसरा एक म्हणतो आपल्या राजाराम रायफल्सचा.
कुणाचा असेल? दुसऱ्या महायुद्धातला आहे का? आणि गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत देऊन उजळून घ्यावा का?

नकाशावाचक
राजाराम रायफल्स म्हणजे पायदळ. त्यांच्या बिल्ल्यावर एअर फोर्स कशाला येईल? हा ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा. फितीवर 'नेक टिमिओ नेक स्पर्नो' असणार, म्हणजे 'मी भीत नाही आणि कुणाला तुच्छही लेखत नाही'.

हैदराबादचा संबंध खरा आहे, पण तो फौजेचा नाही, पैशाचा. १९१८ साली या स्क्वाड्रनला मिळालेली डीएच-९ए जातीची बॉम्बर विमानं निजामाच्या देणगीतली होती आणि तसा मजकूर त्यांच्यावर रंगवलेला असे. त्यातलं 'हैदराबाद क्र. १२ ए' आजही लंडनच्या हेंडन संग्रहालयात उभं आहे. स्क्वाड्रनच्या नावात कंसात हैदराबाद आलं ते यामुळे. वाघ ही त्याच नात्याची खूण.

काळ ठरवायचा तर वाघाकडे नाही, वरच्या राजमुकुटाकडे बघा. कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतील तर राजाचा मुकुट, म्हणजे १९५३ च्या आधीचा. मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर राणीचा, म्हणजे नंतरचा. एक खोच आहे: २०२२ नंतर राजा चार्ल्सने पुन्हा घुमटाचा मुकुट घेतला, त्यामुळे कोऱ्या नकलेवरही तो दिसू शकतो. नुसत्या मुकुटावर भिस्त ठेवू नका.

धातुवेडा
दादा, उजळायला अजिबात देऊ नका. ॲसिडमध्ये बुडवून चाक फिरवलं की अक्षरांच्या कडा गेल्या, मग अस्सल-नक्कल ओळखायला काही उरत नाही. चिंच, लिंबूही नको. आंबटाने वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि पितळ तांबूस पडतं. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, खाचेत लाकडी टूथपिक, मग डिस्टिल्ड पाणी आणि लगेच कोरडं करणं. एवढंच. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लाने हिरवं चढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पाकीट आणि सिलिका जेलची पुडी बरी.

आता खरा-खोटा. ठशाखाली दाबलेल्या बिल्ल्याची अक्षरं टोकदार येतात. ओतीव नकलेत ती गोलसर, साबणासारखी होतात, आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. दहापट भिंग पुरतं. शिवाय खऱ्यावरून साचा घेऊन ओतलं की पितळ गार होताना साधारण दीड-दोन टक्के आकसतं, म्हणजे ४२ मिमीचा नमुना जेमतेम ४१ चा भरतो. मोजायला व्हर्नियर घ्या, पट्टीने हा फरक सापडणार नाही. उद्यमनगरात ओतकाम जाणणाऱ्या कुणालाही हे एका नजरेत कळेल.

करवीर_संग्रह
अक्षरं टोकदार आहेत, खड्डे नाहीत. कमानी मध्ये दबलेल्या. म्हणजे युद्धातला नाहीच? मग युद्धात या लोकांच्या छातीवर काय असायचं?

नकाशावाचक
नाही. दबलेला मुकुट म्हणजे १९५३ नंतरचा. त्या काळात ही स्क्वाड्रन मलाया-सिंगापूरकडे होती, १९५९ पासून हेलिकॉप्टरवर, आणि १९७१ साली बंद झाली. नंतर आठवण म्हणूनही असे बिल्ले काढले जातात, तेव्हा १९७१ ही शेवटची हद्द समजू नका.

युद्धातही स्क्वाड्रनचा बिल्ला गणवेशावर नसायचा. छातीवर असायचा तो कामाचा पंख, म्हणजे विमानात कोण काय काम करतो ते सांगणारं पंखाचं चिन्ह. वैमानिकाला दोन पंख, बाकीच्यांना एकच आणि त्याच्या मुळाशी अक्षर: निरीक्षकाला 'ओ', गनरला 'एजी'. १९४२ मध्ये निरीक्षकाचं काम वाटलं गेलं आणि नेव्हिगेटरचा 'एन', बॉम्ब टाकणाऱ्याचा 'बी' आला. स्क्वाड्रनच्या चिन्हाची पिन बहुधा घरच्यांसाठी घेतलेली असते.

या स्क्वाड्रनचं युद्ध मात्र सांगण्यासारखं आहे. ४ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तिची पाच ब्लेनहाइम विमानं जर्मन युद्धनौकांवर गेली. एका विमानात तिघं: वैमानिक, निरीक्षक, वायरलेस-गनर. विमानं इतकी खालून गेली की आपल्याच बॉम्बच्या स्फोटात सापडू नये म्हणून ११ सेकंदांनी स्फोट करणारे फ्यूज लावले होते. 'ॲडमिरल शेअर' या युद्धनौकेवर बॉम्ब पडले खरे, पण डेकवरून टप्पा खाऊन समुद्रात गेले. ११० चं एक विमान पडलं. बरोबरच्या १०७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पाचपैकी चार परतली नाहीत.

१९४२ मध्ये ती भारतात आली आणि व्हेंजन्स हे डाइव्ह बॉम्बर, म्हणजे निशाण्यावर सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान मिळालं. दोघांचं विमान. त्याचा पंख धडाला शून्य अंशात, म्हणजे समांतर बसवलेला, त्यामुळे सरळ उभ्या सुरात ते निशाण्यावरून सरकत नसे. तोटाही त्यातच: समतल उडताना नाक वर राहायचं आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसायचं नाही. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर याच विमानावर लढल्या.

धातुवेडा
त्यानंतर लाकडी मॉस्किटो आली ना? पूर्वेच्या दमट उकाड्यात तिच्या पंखांचे डिंकाचे जोड सुटायला लागले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये तिकडची विमानं तपासणीसाठी थांबवली. दोष हवेचा की कारखान्यातल्या जुळणीचा, यावर पुष्कळ डोकेफोड झाली.

नकाशावाचक
हो, तीच. करवीर, माणसांची नावं हवी असतील तर ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर २७' ही मालिका बघा. त्यात फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिगत, आणि ५४१ मध्ये उड्डाणागणिक विमानाचा क्रमांक आणि क्रूची नावं. पूर्वेकडे बेपत्ता झालेल्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या संकेतस्थळावर शोधताना स्क्वाड्रन क्रमांक टाका. 'हैदराबाद' टाकलंत तर भलत्याच याद्या निघतील.