प्रतिसाद: लिनोकट म्हणजे फक्त शाळेतला हस्तव्यवसाय?

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की लिनोकट (लिनोलियम या मऊ फरशी-आच्छादनाचा तुकडा कोरून त्याच्या ठशाने छापलेलं चित्र) म्हणजे ठशासाठी लाकूड परवडत नाही म्हणून केलेली तडजोड. हे मला अजिबात पटत नाही. ब्रिटिश चित्रकार क्लॉड फ्लाइट १९२६पासून लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल या कलाशाळेत लिनोकट शिकवत होते, तेच मुळी या माध्यमाला स्वतःची परंपरा नाही म्हणून! लाकडासारखे रेशे नसल्याने लिनोवर कोरायच्या हत्याराची पाती कुठल्याही दिशेने सहज वळते. वेग, गर्दी, यंत्रं दाखवायला हे वळण फार कामाला आलं. याच ग्रोव्हनर गटातल्या सिरिल पॉवर यांचं भुयारी रेल्वे स्टेशनचं चित्र जरूर बघा, किंवा सिबिल अँड्र्यूज यांचं १९३४चं 'स्पीडवे'. त्यात काळ्या बाह्यरेषांचा वेगळा ठसाच नाही. प्रत्येक रंगाचा ठसा स्वतंत्र कोरायचा आणि पातळ जपानी कागदावर एकावर एक छापायचा. आकार रंगांतूनच उभा राहतो. छापखान्याचं यंत्रही नको, कागद मागून हाताने घासला की झालं. चित्रं सामान्य माणसाला परवडावीत, ही फ्लाइट यांची मनापासूनची इच्छा होती.

एडवर्ड बॉडन यांचा रस्ता निराळा. ते पुस्तकांची आणि जाहिरातींची चित्रं करणारे, त्यामुळे रेषेवर हुकमत. त्यांचं १९६०चं 'लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन' पाहा: छताच्या लोखंडी कमानींची ती जाळी! मला तरी ते ग्रोव्हनरवाल्यांपेक्षा जास्त आवडतं.