ऑफिसच्या मॉनिटरवरून घरी आलं की विंडो स्क्रीनबाहेर उघडते – उपाय सुचवा

खातेवही: विंडोज ११, लॅपटॉपचा स्क्रीन १९२०×१०८०. ऑफिसात डाव्या बाजूला तेवढ्याच रिझोल्यूशनचा मॉनिटर, तोच मेन डिस्प्ले. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठेवते. घरी नुसता लॅपटॉप. तिथे ते सुरू केलं की टास्कबारवर आयकॉन येतो, थंबनेल दिसतं, विंडो मात्र दिसत नाही. खर्च शून्य हवा आणि मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही.

बाणवाला: थंबनेलवर क्लिक करून विंडो निवडा. ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कुठलाही बाण एकदा. आता माउस हलवला की विंडो पॉइंटरला चिकटून येते, क्लिक केलं की सुटते. मूव्ह फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइज आहे. आधी ऑल्ट + स्पेस, आर करून रिस्टोअर करा.

दोन_पडदे: डिस्प्लेफ्यूजन हे मॉनिटर सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. प्रत्येक मॉनिटर मांडणीचं प्रोफाइल ठेवता येतं. पैसे वसूल होतात.

खातेवही: खर्च शून्य आणि इन्स्टॉल नाही, असं वर लिहिलंय.

चौकटराजा: मग मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज. फुकट आहे आणि फक्त आपल्या युजरपुरतं बसतं. त्यातल्या फॅन्सीझोन्समध्ये स्क्रीनचे झोन, म्हणजे भाग पाडता येतात आणि नवी विंडो तिच्या शेवटच्या झोनमध्ये नेण्याचा पर्याय आहे.

जोडणी: मूळ दोष केबलचा असतो. डिस्प्लेपोर्टच्या केबलवर मॉनिटर बंद केला की बऱ्याच मॉडेलांत जोडणीच तुटली असं विंडोजला वाटतं आणि सगळ्या विंडो इकडेतिकडे होतात. ईडीआयडी इम्युलेटर, म्हणजे मॉनिटर असल्याचं भासवणारा छोटा प्लग लावा, मॉनिटर कायम जोडलेला दिसेल.

बाणवाला: इथे तो लावू नका! तो लॅपटॉपला राहिला तर घरी नसलेला मॉनिटर आहे असं दिसेल आणि विंडो नेमक्या तिकडे जातील. सध्याचाच त्रास, पण कायमचा.

शून्यबिंदू: कारण कळलं तर उपाय सोपा आहे. मेन डिस्प्लेचा डावा-वरचा कोपरा म्हणजे ०,०. ऑफिसात मॉनिटर मेन, म्हणून लॅपटॉपचा स्क्रीन आडव्या अक्षावर १९२० पासून सुरू होतो. सॉफ्टवेअर बंद होताना, समजा, २१०० हा आकडा लिहून ठेवतं. घरी लॅपटॉपचा स्क्रीन ० ते १९१९. तिथे २१०० नावाची जागाच नाही.

चौकटराजा: हे विंडोजने सांभाळायला हवं.

शून्यबिंदू: उघडी विंडो ते सांभाळतं, म्हणूनच सेटिंग्जमध्ये मॉनिटरनुसार विंडोची जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे. बंद सॉफ्टवेअरने स्वतः जपलेला आकडा विंडोज कसा तपासणार? विंडो जागेवर ठेवायला प्रोग्रामर विंडोजच्या ज्या आज्ञा वापरतात, त्यांपैकी सेटविंडोप्लेसमेंट वापरलं असेल तर पूर्ण बाहेर जाणारी विंडो आपोआप आत घेतली जाते. सेटविंडोपॉझ या दुसऱ्या आज्ञेला आकडे थेट दिले तर तपासणी प्रोग्रामरनेच करायची. मिनिमाइज असताना बंद करण्याचाही धोका आहे: तेव्हा विंडोची जागा उणे ३२००० असते आणि काही सॉफ्टवेअर तीच लिहून ठेवतात.

विंडोप्रेमी: +१ ऑल्ट + स्पेसला. मेनू येत नसेल तर विन (विंडोजचं बटण) + वरचा बाण. बहुतेक वेळा विंडो जवळच्या स्क्रीनवर मॅक्सिमाइज होते.

दोन_पडदे: विन + शिफ्ट + डावा बाण सगळ्यात सोपं.

विंडोप्रेमी: ते एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर नेतं. यांच्याकडे घरी एकच आहे.

खातेवही: रोज बाण दाबत बसायचं नाही, काही बसवायचंही नाही. शून्यबिंदूंचं वाचून ठरवलं: ऑफिसात लॅपटॉपचा स्क्रीनच मेन करते. तो दोन्हीकडे ० पासून सुरू होईल.

दोन_पडदे: नको! मोठा मॉनिटर सोडून लॅपटॉप मेन कशाला? स्टार्ट, नोटिफिकेशन सगळं छोट्या स्क्रीनवर येईल.

खातेवही: चालेल. टास्कबार सगळ्या डिस्प्लेवर दाखवायचा पर्याय सुरू केला.

शून्यबिंदू: चांगला निर्णय. दोन गोष्टी सांभाळा. मॉनिटर डावीकडे असल्याने आता त्याचे आकडे उणे १९२० पासून सुरू होतील, म्हणून हे सॉफ्टवेअर तिकडे ठेवून बंद करू नका. आणि जुना आकडा अजून साठवलेला आहे: एकदा सॉफ्टवेअर उघडून लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणा, मिनिमाइज न करता बंद करा. मगच घरी न्या.