प्रतिसाद: सीडी घ्या, पण उतरवूनही ठेवा

गाणी स्ट्रीमिंग ॲपवर ऐकायची की सीडी विकत घ्यायची, या चर्चेत वर कोणी म्हटलंय: 'हातात सीडी असेल तरच गाणं आपलं'. मला ते अर्धंच पटलं.

स्ट्रीमिंग म्हणजे भाडं, हे खरंच. ॲपचा रेकॉर्ड कंपनीशी करार संपला की अल्बम गायब; माझ्या यादीतली एक मैफल अशीच एका सकाळी राखाडी झाली, वाजेचना. पण वस्तू तरी कुठे अमर आहे? आमच्या कोकणातल्या घरी दोन पावसाळ्यांत कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी चढली.

म्हणून मी सीडी घेतो आणि लगेच संगणकावर फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवतो. एमपी३मध्ये आवाजातलं काही गळतं, तसं यात गळत नाही. सीडीवरचा आवाज (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) जसाच्या तसा राहतो आणि जागा साधारण निम्मी लागते. एक प्रत घरी, एक भावाकडे.

खरी चीड येते ती शास्त्रीय संगीताच्या बाबतीत. विलंबित (संथ लयीचा भाग) आणि त्यानंतरचं द्रुत (जलद भाग) वेगळे ट्रॅक, त्यात शफल, म्हणजे क्रम मोडून गाणी वाजवणं, चुकून चालू राहिलं की आधी द्रुत, मग कुठली तरी ठुमरी, मग विलंबित! आणि साथीदार? रेकॉर्डच्या वेष्टनावर तबला कोणाचा, पेटी कोणाची ते छापलेलं असायचं. ॲपवर बहुतेक वेळा नुसता गायक. 'ही पेटी कोणाची?' म्हणून रात्री बारा वाजता माळ्यावरून रेकॉर्डचा खोका काढलाय मी (बायको अजून बोलून दाखवते).



आणि हो, सीडी उतरवायला सीडी ड्राइव्ह लागतो, आणि नव्या लॅपटॉपला तो सहसा नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा घ्या, स्वस्तात मिळतो.