फोन मराठी मेसेज वाचतो, पण हिंदीत वाचल्यासारखा. काय करू?

वायरमन, कराड
नमस्कार. हे बोलून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. सर्किटचं चित्र एका नजरेत कळतं, पण चार ओळींचा मेसेज वाचायला घेतला की अक्षरं एकमेकांत घुसतात. मास्तर म्हणायचे लक्ष नाही. आठवीत शाळा सुटली. आजवर पोरगी मेसेज वाचून दाखवायची, ती आता होस्टेलला गेली. शिवाय उधारीचे मेसेज शेजाऱ्याकडून कसे वाचून घेणार?

सेटिंगमध्ये टॉकबॅक दिसलं, चालू केलं. तर कुठेही बोट लावलं की फोन बोलायचा, उघडायचा मात्र काहीच नाही. शेवटी मोबाइलच्या दुकानात जाऊन बंद करून आणलं.

मग एक ॲप घेतलं. त्यातली बाई हिंदी. 'चावी'ला 'च्यावी' म्हणते. परवा बंगला नंबर ४९ ला बोर्ड बदलायचा होता. ती म्हणाली 'उनचास', मी ३९ ची बेल वाजवली.

निळी छत्री
दादा, टॉकबॅक हे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतं. त्यात एकदा टेकवलं की ऐकायचं, दोनदा टेकवलं की उघडतं. पुन्हा चुकून चालू झालं तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा, बहुतेक फोनवर बंद होतं.

तुम्हाला हवं ते 'सिलेक्ट टू स्पीक'. सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, तिथेच सापडेल. चालू केलं की स्क्रीनच्या कडेला एक छोटं बटण येतं. आधी ते दाबा, मग मेसेजवर बोट ठेवा. तेवढाच मेसेज वाचतो, बाकी फोन नेहमीसारखाच चालतो.

आवाजाचं वेगळं. सेटिंगमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधा, इंजिन गूगलचं निवडा, शेजारच्या चक्रात जाऊन मराठी आवाज उतरवून घ्या. भाषाही मराठीच ठेवा, नाहीतर पुन्हा हिंदी बाई. वेग सुरुवातीला कमी ठेवा.

खडू-फळा
हिंदी आवाजाची खरी गंमत 'माझा' शब्दात आहे. आपल्या च, ज, झ चे दोन-दोन उच्चार, हिंदीत एकच. त्यामुळे 'माझा' ऐकायला 'माझ्या' येतं आणि वाक्याचा अर्थच फिरतो. तुमचे कान चुकले नाहीत.

आणि मास्तरांचं मनावर घेऊ नका. मी शाळेत अशाच मुलांना शिकवते. अक्षरं घुसण्याचा आणि हुशारीचा काही संबंध नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याला 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणून जागा आहे.

वायरमन, कराड
लावलं! 'एकोणपन्नास' म्हणाली. चावी पण चावीच.

दोन अडचणी राहिल्या. सुपरवायझरच्या परीक्षेच्या नोट्सची पीडीएफ आहे, ती वाचताना नुसतं बरळते. आणि निम्मी गिऱ्हाइकं मराठी मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहितात. 'लाईट गेली आहे' एवढं वाचताना ही बाई एकदम गोरी होते.

निळी छत्री
पीडीएफ जुन्या फॉन्टमधली असणार. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात, आणि फोन आतलीच वाचतो. पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये उघडा. ते चित्रावरून अक्षरं ओळखतं, मग 'ऐका' दाबा. पान-पान करावं लागेल, कंटाळवाणं आहे. जोडाक्षरांत अधूनमधून चुकतं, त्यामुळे आकडे मूळ पानावर एकदा ताडून बघा.

इंग्रजी अक्षरांतल्या मराठीवर माझ्याकडे भरवशाचा इलाज नाही. गिऱ्हाइकांनाच बोलून पाठवायला सांगा.

वायरमन, कराड
पोरीकडून स्टेटसला लिहून घेतलं: 'कामाचं बोलून पाठवा, बंगला नंबर दोनदा सांगा.' सकाळपासून सहा आले. एकाने नंबर गाऊन सांगितला.